पाठीवरच्या तीन वाट्या

बिदरकडच्या चिंताकी गावातल्या त्या घरात कोऱ्या टी-शर्टांचा ढीग येऊन पडला तेव्हा सुमनबाईला वाटलं, पोरीनं घरात दुकान थाटायचं ठरवलंय की काय! पांढरे शुभ्र टी-शर्ट, पिशवीतनं काढले तसा नव्या कापडाचा वास घरभर झाला. नात पल्लवी बिदरला कॉलेजात शिकायची आणि सुट्टीला आली की घर डोक्यावर घ्यायची. ह्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं उदगीरच्या बाजारातनं हे उचलून आणलं होतं.

"हे काय गं आणलीस?"

"सहलीला घालायला. सगळ्यांना सारखे. आपणच रंगवायचे, घरी."

"मला बी?"

"तुला बी."

"अगं बया!" सुमनबाईनं कपाळाला हात लावला. "साठी उलटली माजी. लुगड्यावर बनियन घालून फिरवतीस व्हय म्हातारीला? गावात तोंड दाखवायला जागा ठिवतीस का न्हाई?"

पल्लवी हसली, पण ते हसणं काही टिकलं नाही. कारण टी-शर्टांमागं जे होतं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच मुळी.

सुमनबाईच्या नवऱ्याचं नाव श्रीमंत. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, घरातलेही आप्पाच म्हणायचे. ह्या आप्पांचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं होतं. आधी विळा कुठं ठेवला ते विसरले. मग शेताची वाट विसरले. त्यानंतर माणसं. बिदरच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढून सांगितलं, की हे आता असंच वाढत जाणार, औषधानं थोडं सावकाश होईल, इतकंच. पोटचा लेक तानाजी, त्याला आप्पा 'पाव्हणं' म्हणायला लागले. सून मंजुश्री समोर आली की अंग चोरून बसायचे. आणि सुमनबाईला म्हणायचे 'बाई'.

"बाई, वाईच पानी देता का?"

पंचेचाळीस वर्षं ज्या माणसानं 'ए, पानी आन' ह्यापलीकडं बोलणं केलं नाही, तो आता 'देता का' म्हणतो! परक्या बाईशी बोलावं तसं, खाली बघून, अदबीनं. ही अदब सुमनबाईला शिवीपेक्षा जास्त झोंबायची. पाणी देऊन ती चुलीपुढं जाऊन बसायची आणि उगाच लाकडं मागंपुढं करायची.

दसऱ्याच्या आधी कमलनगरच्या बाजारात तर कहरच झाला. तानाजी खताच्या दुकानात गेला, तेवढ्यात आप्पा दुसऱ्याच लोकांबरोबर दुसऱ्याच जीपमध्ये बसून गेले. त्या बिचाऱ्यांना वाटलं, कुणाचे तरी म्हातारे आहेत, गावात उतरतील. संध्याकाळी त्यांनीच फोन करून सांगितलं. तानाजी आणायला गेला तर आप्पा त्यांच्या ओसरीवर त्यांचं लेकरू मांडीवर घेऊन खुशाल बसलेले. आपलं घर सोडून आलोय ह्याचा मागमूस नाही चेहऱ्यावर. ते ऐकून सुमनबाईला जेवण गेलं नाही.

तरी तानाजीनं सहलीचा हट्ट सोडला नाही. "आप्पा हिंडते-फिरते हायेत तवर एकदा सगळे मिळून जाऊ, माय. त्येंनी समुद्र बघितला न्हाई, तू बी न्हाई. गाणगापूर करू, विजापूर करू, तसंच गोकर्णाला जाऊ."

"आनि गर्दीत गेले म्हंजे कुटं?"

ह्यावर पल्लवीचं उत्तर म्हणजे हे टी-शर्ट. कॉलेजची सहल निघाली की त्यांचे सर सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट घालायला लावायचे. गर्दीत आपलं माणूस लांबनं ओळखू यायचं. आप्पांना तेवढंच शिकवायचं, असला शर्ट दिसला की ते आपले, त्यांच्या मागं चालायचं.

पोरीची अक्कल वाईट नव्हती. पण शर्टावर छापायला तिनं मोबाइलवर काढलेलं चित्र होतं समुद्राचं, सूर्याचं आणि नारळाच्या झाडाचं. ते तिनं आप्पांपुढं धरलं. आप्पांनी भिंतीकडं बघावं तसं बघितलं आणि मान फिरवली.

सुमनबाई ज्वारी निवडत बसली होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "नारळ काय दाखवायलीस गं त्येंला? जल्मात नारळाची बाग बघितली का त्येंनी? त्येंच्या डोळ्याला जे ठावं हाय ते काढ."

आणि उठून ती देवळीतली पितळेची वाटी घेऊन आली.

ती वाटी बघून तानाजी जागच्या जागी थांबला. त्या घरातल्या प्रत्येकाला ती वाटी माहीत होती. पोळ्याच्या दिवशी आप्पा ह्याच वाटीची कड गेरूत बुडवून बैलांच्या पाठीवर छाप उठवायचे. पाठीच्या उजव्या अंगाला, एकाखाली एक, तीन गोल. आणि मधल्या गोलात बोटाचा एक ठिपका. गावात कुणी पंजे उठवायचं, कुणी बटाट्याचे ठसे, कुणी नुसतेच रंगाचे फराटे. पण तीन वाट्या आणि एक ठिपका म्हटलं की वेशीतली पोरंसुद्धा सांगायची, ही आप्पांची जोडी. पाखऱ्या आणि हरण्या. ट्रॅक्टर आल्यावर तानाजीनं ती जोडी विकली, त्यालाही आता काळ झाला. वाटी मात्र सुमनबाईनं टाकू दिली नव्हती.

त्या वाटीशी तिचं एक दुखणंही होतं, आणि ते तिनं कधी कुणाजवळ काढलं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून सुजलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं. लोणी काढायचं, हळद कालवायची, वाटी हातात धरून उभं राहायचं, हे काम सुमनबाईचं. आणि आप्पा, एरवी ज्यांच्या तोंडातनं गोड शब्द निघाला तर पाऊस पडेल म्हणावं असा माणूस, त्या जनावरांच्या गळ्यात पडून म्हणायचे, "लई राबिवलो तुला. चाबूक बी मारलो आसंल, मनात धरू नको. आज आवतन घे, उद्या जेवायला ये." दरवर्षी तेच शब्द, तोच ओला आवाज. सुमनबाई वाटी धरून ऐकायची. तिनं काय कमी ओढलं होतं? विहिरीचं पाणी, कडब्याच्या पेंढ्या, शेताचं नि घराचं रहाटगाडगं. तिच्या उजव्या खांद्यात एक गाठ बसली होती, थंडीत ठणकायची. आप्पांनी तिच्यावर हात कधी उगारला नाही, खोटं कशाला बोला. पण त्यांच्या तोंडाचा चाबूक तिनं जन्मभर खाल्ला होता, आणि 'मनात धरू नको' असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. बैलांचा हेवा करते म्हणून ती स्वतःलाच हसायची. हसायची आणि डोळे पुसायची.

तर असो. अंगणात पोतं अंथरलं आणि कामाला सुरुवात झाली. गेरू धुतला की जातो, म्हणून पल्लवीनं कापडावर टिकणारा रंग आणला होता. तांबडा, पिवळा आणि किंचित काळा मिसळून सुमनबाईनं नेमका गेरूचा रंग जमवला. टी-शर्टाच्या आत जुनी वर्तमानपत्रं घातली, म्हणजे रंग पलीकडं उतरत नाही. ताटलीत फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग ओतला. वाटीची कड त्या घडीवर टेकवायची आणि कापडावर उमटवायची, बस्स, एवढंच काम. मुलखाचं सोपं.

पण सोपं काम चुकायलाही सोपं असतं. पल्लवीनं पहिलीच वाटी दाबून गोल फिरवली आणि सगळा गोल फिसकटला.

"आगं, फिरवायलीस कामून?" सुमनबाई करवादली. "भाकर थापायलीस का? ठिव, दाब, सरळ उचल."

दुसरा छाप मंजुश्रीनं पुढच्या बाजूला, छातीवर उठवला. सुमनबाई पुन्हा ओरडली, "पोटावर कुनी छापतंय व्हय? पाठीवर पायजे!" मंजुश्रीचं माहेर हुमनाबादकडचं, निर्ण्याचं. ती म्हणाली, "आत्या, आमच्याकडं कारहुणवीच्या सणाला बैलं रंगवतेत, पण असा नेम कुठला? दिसंल तिथं रंग." सासूला ती आत्याच म्हणायची. त्यावर तानाजी हसला, पल्लवी हसली, आणि बऱ्याच दिवसांनी त्या अंगणात माणसं राहतात असं वाटलं.

शेवटचा टी-शर्ट उरला होता. पल्लवी वाटी घेणार तेवढ्यात उंबऱ्यावर बसलेले आप्पा उठले. कुणी बोलावलं नव्हतं. ते सावकाश आले, पोत्यावर गुडघा टेकला, पल्लवीच्या हातनं वाटी काढून घेतली. ताटलीत टेकवली, एकदा झटकली. आणि एक, त्याखाली एक, त्याखाली एक, असे तीन गोल कोऱ्या कापडावर उठले. स्वच्छ, कुठं थरथर नाही की कुठं फिसकटलं नाही. मग उजव्या हाताचं बोट रंगात बुडवून त्यांनी मधल्या गोलात ठिपका दिला.

चहाचा कप तोंडाला लावायला विसरणारा तो हात, आणि हे काम मात्र हाताच्या ध्यानात होतं!

आप्पांनी बोट धोतराला पुसलं आणि इकडंतिकडं बघितलं. "बैलं कुटं हायेत?"

तानाजीनं मान खाली घातली. सुमनबाईच म्हणाली, "चरायला गेलीत. येतील."

"बरं बाई," आप्पा म्हणाले आणि पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले.

तो शेवटचा टी-शर्ट सुमनबाईच्या मापाचा होता. ती म्हणाली, मी घालणार नाही, घालणार नाही, आणि पुन्हा विचारू नका. सावलीत वाळल्यावर मंजुश्रीनं सगळे उलटे करून इस्त्री केले. आप्पांच्या हातचा तो एक मात्र सुमनबाईनं इस्त्रीलाही दिला नाही. जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीच्या तळाशी ठेवला. घालायला नाही, नुसता जवळ असावा म्हणून.

संध्याकाळी तानाजीनं आपला टी-शर्ट चढवला आणि बापापुढं पाठ करून उभा राहिला. आप्पा बघत राहिले. मग उठून आले, लेकाच्या पाठीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "आपलंच हाय." पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. तानाजीचे डोळे भरून आले. किती दिवसांनी बापानं हात लावला होता त्याला. सुमनबाईनं देवाला साखर ठेवली. लेकाला ओळखलं, आज ना उद्या मलाही ओळखतील, असं तिच्या मनानं घेतलं.

मन असंच असतं मेलं, बोट दिलं की हात धरतं.

गावातल्या शिवप्रसादची क्रूझर ठरवली होती. पहाटेचे निघाले ते हुमनाबादच्या पुढं चहाला थांबले. सगळे उतरून हात-पाय मोकळे करत होते, तेव्हा आप्पा रस्त्याच्या कडेला वाकून काहीतरी करताना दिसले. परत आले तर हातात हिरव्या गवताची मूठ. ते सरळ तानाजीकडं गेले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गवत त्याच्या तोंडापुढं धरलं.

"खा, हरण्या. लांब जायाचंय."

चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. पल्लवीला आधी हसू आलं आणि अर्ध्यातच तिनं तोंडावर हात धरला. आत्ता सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. आप्पांनी लेकाला ओळखलंच नव्हतं. ओळखलं होतं ते पाठीवरच्या छापाला. त्यांच्या लेखी ही माणसं नव्हतीच, ही त्यांची विकलेली बैलं होती, चरून परत आलेली.

"माय," तानाजीचा आवाज फुटला, "मला बैल म्हणायलेत गं."

"आपलं तर म्हणायलेत," सुमनबाई म्हणाली. "घे. हातात घेऊन खाल्ल्यासारखं कर."

आणि तो चाळिशीचा बाप्या, गावात चार माणसं ज्याला विचारून काम करतात असा, भर रस्त्यावर गवताची मूठ तोंडाला लावून उभा राहिला. आप्पांनी त्याच्या मानेवरनं हात फिरवला, "शाब्बास" म्हणाले. मंजुश्री गाडीच्या आडोशाला जाऊन रडली.

सुमनबाईनं आप्पांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला आणि तिच्याकडं जरा निरखून बघितलं.

"बाई, तुमी कुनाच्या? गाडी चुकलात का?"

"व्हय," ती म्हणाली, "चुकले."

"मग बसा की ह्या गाडीत. आमी सोडताव तुमाला."

पुढचा सगळा रस्ता सुमनबाई मागच्या बाकावर बसून होती. पुढं लेकाच्या, सुनेच्या, नातीच्या पाठीवर तीन-तीन वाट्या, आणि आप्पा मधनंच हात लांबवून कुणाच्या तरी पाठीला हात लावायचे, आहेत ना सगळी, म्हणून. तिच्याकडं वळायचं त्यांना काही कारण नव्हतं. तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं आणि पाठीवर काहीच नव्हतं. रडावं की आपल्याच हट्टाला शिव्या द्याव्यात, तिला कळेना.

गाणगापुरात गर्दी होती, पण टी-शर्टांनी काम चोख केलं. आप्पा छापांच्या मागं मागं बरोबर चालत राहिले. देवळाच्या वाटेवर पायऱ्या आल्या तसा सुमनबाईनं त्यांचा हात धरला. त्यांनी झटक्यात हात सोडवला.

"बाई, हात सोडा. लोक बघायलेत."

फुलं विकणारी एक बाई, ईरम्मा म्हणून कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती हे बघून हसली. "का ओ आज्जा, घरच्या मालकिणीवर रागावलात?"

"मालकीन?" आप्पा गोंधळले. "न्हाई माय. ह्या बाई सकाळधरनं आमच्या मागं लागल्यात. कुनाच्या हायेत काय की."

ईरम्माचं हसू मावळलं. तिनं सुमनबाईकडं बघितलं आणि एक गजरा तिच्या हातात ठेवला. सुमनबाईनं तो माळला नाही. देवापुढं उभी राहिली तेव्हा काय मागावं तेच तिला सुचेना. बरं करा म्हणावं तर डॉक्टर नाही म्हणाला होता. तिनं एवढंच मागितलं, की एकदा, फक्त एकदा, ह्या माणसाला मी त्याची वाटू दे. मग विसरला तरी चालेल.

तिथनं सगळे संगमावर गेले. भीमेला पाणी चांगलं होतं. तानाजी आणि पल्लवी टी-शर्टासकट गुडघाभर पाण्यात उतरले, मंजुश्री पायरीवर पाय सोडून बसली. आप्पा काठावर उभे राहून बघत होते. नदी, पाणी, आणि पाण्यात उभी आपली खूण. झालं! धोतर खोचून ते पाण्यात शिरले. ओंजळीनं तानाजीच्या पाठीवर पाणी मारलं आणि तळव्यानं खसाखसा चोळायला लागले. कान धुतले, मान धुतली. "हो... हो... थांब," तोंडानं चालूच. मग पल्लवीला धुतलं, मग मंजुश्रीच्या पाठीवर पाणी सोडलं. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली ती सून, डोळे मिटून गप बसून राहिली. आजूबाजूचे लोक बघत होते. बघेनात का! तिघंही हलले नाहीत.

पाण्यातनं वर आल्यावर आप्पांनी तिघांना पायरीवर ओळीनं बसवलं आणि हात चोळत इकडंतिकडं बघायला लागले.

"लोनी कुटं हाय? हळद कुटं हाय?"

पल्लवीला समजलं नाही. तानाजीलाही क्षणभर समजलं नाही. समजलं ते एकट्या सुमनबाईला, कारण जन्मभर ते काम तिचं होतं. तिचे हात आपोआप पिशवीत गेले. धपाट्यांबरोबर खायला आणलेल्या लोण्याचा डबा होता, देवाला वाहून उरलेली हळदीची पुडी होती. डब्याच्या झाकणात तिनं लोणी घेतलं, हळद कालवली आणि बैलं होती तोवर दरवर्षी धरायची तसं दोन्ही हातांनी धरून पुढं झाली.

"घ्या."

"लई उपकार झाले, बाई," आप्पा म्हणाले.

ते तानाजीच्या मागं जाऊन बसले. बोटांवर लोणी घेऊन त्याच्या मानेला, खांद्याला मळायला लागले. आणि तो जुना ओला आवाज त्या काठावर पुन्हा आला. "लई राबिवलो तुला. चाबूक बी मारलो आसंल, मनात धरू नको. आज आवतन घे, उद्या जेवायला ये." तानाजी गुडघ्यात डोकं घालून हुंदके द्यायला लागला. आप्पा पल्लवीकडं सरकले, मग मंजुश्रीकडं. तेच शब्द, प्रत्येकाला नव्यानं.

सुमनबाई झाकण धरून उभी. आता लोणी थोडंच राहिलं होतं.

तिनं झाकण पायरीवर ठेवलं. पिशवीच्या तळाशी हात घातला, फडकं सोडलं आणि तो टी-शर्ट बाहेर काढला. भरल्या काठावर, परक्या बायका-माणसांदेखत, लुगड्यावरनंच डोक्यातनं चढवायला लागली. पदर अडकला, अंबाडा सुटला, एक हात बाहीत सापडेना. कोण हसलं, कोण नाही, तिनं बघितलं नाही. ओढून खाली केला आणि मंजुश्रीच्या पलीकडं, ओळीच्या शेवटी, आप्पांकडं पाठ करून बसली. छातीत धडधडत होतं. लग्नात अंतरपाटामागं उभी होती तेव्हासुद्धा इतकं धडधडलं नव्हतं.

मागं आप्पा थांबले. ती बाई आहे हे त्यांना कळलं असेल, उठून जातील, 'बाई, सरका' म्हणतील, असं तिच्या मनात आलं आणि तिनं डोळे गच्च मिटले.

मग पाठीवर एक बोट टेकलं. मधल्या गोलातल्या ठिपक्यावर, बरोब्बर. ते बोट तिथं जरा वेळ राहिलं.

"तू बी आलास व्हय," आप्पा म्हणाले. "आपलाच हायेस की. लई दिवसांनी आलास."

त्यांनी झाकणातलं उरलंसुरलं लोणी बोटांनी निपटून घेतलं आणि तिच्या मानेवर लावलं. मान मळली, डावा खांदा मळला, मग उजवा. त्यांचा अंगठा चालता चालता थांबला. त्यांना ती गाठ सापडली होती.

"हितं जू घासलंय," ते पुटपुटले. "कवापासनं ओढायलास रं? सांगायचं न्हाई का?"

अंगठा त्या गाठीवर हळूहळू फिरायला लागला. सुमनबाईच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. मान मात्र तिनं खालीच ठेवली.

"लई राबिवलो तुला. चाबूक बी मारलो आसंल, मनात धरू नको." हाताची ऊब खांद्यातनं खोल उतरत होती. "आज आवतन घे, उद्या जेवायला ये."

पल्लवीला राहवलं नाही. "आप्पा, आवो, ही तर आज्जी..." असं ती म्हणायला लागली, तोच सुमनबाईनं हात वर करून तिला थांबवलं. तिच्याही ओठावर आलं होतं, की मी सुमन आहे, तानाजीची माय, तुमची बायको. पण बैल बोलत नाही. आणि बाई बोलली असती, तर तो हात अदबीनं खांद्यावरनं निघाला असता.

म्हणून ती काही बोलली नाही. अंगठा फिरत होता तोवर मान खाली घालून बसून राहिली.